सिरीचं शेवटी काय झालं?

स्मरणिकेत नाटकाचं परीक्षण चालतं, पुस्तकाचं चालतं, एखाद्या मैफिलीवरही कुणी चार पानं लिहितं. व्हिडिओ गेमवर मात्र आपल्यापैकी कुणी लिहीत नाही. कारण उघड आहे. आपल्या पिढीच्या लेखी गेम म्हणजे मुलांनी अभ्यास टाळण्यासाठी शोधलेली वस्तू. पण संपादक मंडळींनी या वर्षी "विषयाचं बंधन नाही" असं कळवलं आणि मी ते शब्दशः घेतलं! तेव्हा वाचकहो, पुढची चार पानं एका गेमबद्दल आहेत. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने दोन हिवाळे घालवून तो संपवला आहे, आणि तोही दोनदा.

गेमचं नाव 'द विचर ३: वाइल्ड हंट'. १९ मे २०१५ रोजी तो बाजारात आला. वॉर्साच्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीने तो बनवला आणि २०२३ पर्यंत त्याच्या पाच कोटी प्रती खपल्या. आधीचे दोन भाग २००७ आणि २०११ सालचे. त्या सगळ्यांच्या मुळाशी आहेत आंद्रे सापकोव्स्की या पोलिश लेखकाच्या कथा-कादंबऱ्या. पहिली कथा १९८६ साली एका मासिकात आली होती. दुसरा भाग तर २०११ साली पोलंडच्या पंतप्रधानांनी बराक ओबामांना भेट म्हणून दिला होता. आपल्याकडे पाहुण्याला शाल-श्रीफळ देतात, त्यांनी गेम दिला!

आयर्लंडमध्ये राहून पोलंडची आठवण न होणं कठीण आहे. २००४ साली पोलंड युरोपियन युनियनमध्ये आला आणि आयर्लंडने त्यांना कामासाठी दार उघडलं. तेव्हापासून गावोगावी 'पोल्स्की स्क्लेप'च्या पाट्या दिसू लागल्या. २०२२ च्या जनगणनेतही परदेशी नागरिकांत सर्वांत मोठी संख्या त्यांचीच आहे. माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी पोलिश. कॉलेजात असताना आपण ज्या आपुलकीने 'ययाती' किंवा 'मृत्युंजय' मित्राच्या हातात ठेवायचो, त्या आपुलकीने त्याने मला हा गेम आणून दिला. नाही म्हणणं जड गेलं.

दोन सूचना आधीच देतो. एक, या गेमवर १८ वर्षांखालील मुलांसाठी नाही असा शिक्का आहे आणि तो योग्य आहे. रक्तपात आहे, शृंगार आहे, शिव्या आहेत. मुलं "सगळेच खेळतात" म्हणतील. त्यावर जाऊ नका. दोन, पुढे मी शेवट सांगणार आहे. एक नाही, तीन.

ज्यांना 'रोल-प्लेइंग गेम' म्हणजे काय हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अशी कल्पना करा की नाटककाराने तिसरा अंक तीन वेगवेगळे लिहून ठेवलेत. प्रमुख भूमिका तुमची. संहितेत जागोजागी दोन-तीन वाक्यं दिलेली आहेत, त्यातलं कोणतं बोलायचं ते तुम्ही ठरवायचं. पहिल्या दोन अंकांत तुम्ही कसे वागलात यावर तिसरा अंक कोणता होणार ते ठरतं. प्रॉम्प्टर मात्र काही सांगत नाही.

तुमची भूमिका आहे गेराल्टची. तो 'विचर' आहे, म्हणजे पैसे घेऊन गावोगावचे राक्षस, हडळी, पिशाच्चं मारणारा. आपल्याकडच्या मांत्रिकाला दोन तलवारी आणि एक घोडी दिली की तयार होणारा माणूस समजा. एक तलवार पोलादाची, एक चांदीची. लहानपणी केलेल्या प्रयोगांमुळे विचर लोकांना मूल होत नाही. तरी गेराल्टला एक मुलगी आहे, आणि ती आली एका वचनातून. त्याने एकदा एका सरदाराचा जीव वाचवला. बक्षीस काय हवं असं विचारल्यावर म्हणाला, तुझ्यापाशी आहे पण तुला अजून माहीत नाही, ते दे. दशरथाने कैकेयीला दिलेल्या दोन वरांइतकंच हे धोक्याचं. निघालं असं की सरदाराच्या प्रेयसीला दिवस गेले होते. तीच सिरी. आणि तो सरदार म्हणजे पुढे निल्फगार्डचा सम्राट एम्हीर.

तिसऱ्या भागात सिरी मोठी झालेली आहे. वीस-एकवीस वर्षांची, अंगात जगं ओलांडायची ताकद असलेली. तिच्या मागावर 'वाइल्ड हंट' नावाची फौज आहे आणि गेराल्ट तिला शोधतो आहे. एम्हीरलाही ती हवी आहे, गादीसाठी.

आता पहिल्या काही दिवसांतलं मत सांगायचं तर मला कंटाळा आला. अक्षरं एवढी बारीक की चष्मा असूनही टीव्हीजवळ खुर्ची ओढावी लागली. घोडी छपरावर जाऊन उभी राहते. गावात जो भेटतो तो काहीतरी काम सांगतो. कुणाचं तळण्याचं भांडं हरवलंय, तेही शोधायचं. गेराल्टची मुलगी जिवाच्या संकटात आणि हा गृहस्थ सरायांत पत्ते कुटत बसतो! ग्वेंट नावाचा तो पत्त्यांचा डाव इतका सुंदर आहे की मीही बसलो, ते सोडा. पण कथेची घाई आणि खेळाची सवड यांची ही ओढाताण शेवटपर्यंत सुटत नाही, आणि माझ्या मते तो या गेमचा खरा दोष आहे.

कंटाळा गेला तो वेलेन नावाच्या दलदलीच्या मुलखात. तिथे एक बॅरन आहे. दारूडा, आडदांड, बायकोला मारणारा. बायको आणि मुलगी दोघी नाहीशा झाल्यात, त्या शोधून दे, मग सिरीची बातमी देतो, असा त्याचा सौदा. हळूहळू कळतं की त्याच्या मारहाणीत बायकोचा गर्भ पडला आणि ते मूल नाव न ठेवता, संस्कार न करता पुरलं. त्याचं आता पिशाच्च झालंय. ते मारताही येतं. पण दुसरा मार्ग असा की बापाने रात्री त्याला उचलून घरी आणायचं, नाव द्यायचं, मुलगी म्हणून पत्करायचं आणि उंबरठ्याखाली पुरायचं. मग ते घराची राखण करतं. पावसात तो धिप्पाड माणूस ते भयंकर मूल हातांत घेऊन चालतो तो प्रवास मी विसरणार नाही. एका दृष्टीने ते बारसंच आहे, फार उशिरा केलेलं.

इथे आयर्लंडमध्ये राहणाऱ्याला ते आणखी लागतं. या देशात शेतांच्या कडेला, जुन्या गढ्यांच्या मातीत, समुद्रकाठी 'किलीन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जागा आहेत. बाप्तिस्मा न झालेली मुलं चर्चच्या पवित्र जमिनीत पुरू देत नसत, म्हणून घरचे लोक त्यांना अशा ठिकाणी नेऊन पुरत. खुणेला एखादा अनघड दगड. विसाव्या शतकातही हे चालू होतं. पोलिश गेममधलं ते पिशाच्च स्लाव्ह लोककथेतलं आहे, पण इथली म्हातारी माणसं ते दृश्य पाहून गप्प होतील असं मला वाटतं.

आयर्लंडचा संबंध एवढ्यावर थांबत नाही. गेमच्या मध्यावर तुम्ही स्केलिगे नावाच्या बेटांवर जाता. कडे, वारा, ढग आणि बोलणारे सगळे आयरिश हेलात! पोशाख आणि होड्या व्हायकिंग, जीभ मात्र आपल्या शेजाऱ्यांची. केरीच्या किनाऱ्यासमोरचं स्केलिग मायकेल ज्यांनी पाहिलंय, पोर्टमगीहून होडीने जाऊन त्या सहाशे-एक दगडी पायऱ्या चढल्यात, त्यांना नावाची ओळख पटेलच. सापकोव्स्कींनी कादंबऱ्यांतही बेल्टेन आणि साव्हिन असे सण योजलेत, ते इथल्या ब्यालटना आणि साउइनचे भाऊबंद. इथल्या हॅलोवीनचं मूळ असलेला साउइन तो हाच.

असो. विषय सिरीचा आणि शेवटांचा.

सिरी सापडते, आणि तिथून गेम वेगळाच होतो. आता तिला शोधायचं नाही, तिच्याशी वागायचं आहे. पाच छोटे प्रसंग येतात. किल्ल्यावरच्या लढाईत तिच्या आजोबांच्या जागी असलेला म्हातारा वेसेमिर मारला जातो. ती खचलेली आहे, आपली ताकद ताब्यात येत नाही म्हणून चिडलेली. तिला सांगायचं, "जाऊ दे, सगळंच जमलं पाहिजे असं नाही," की बाहेर नेऊन तिच्याशी बर्फाचे गोळे मारामारी खेळायची? जादूगारणींच्या मंडळाची बैठक आहे, तिला एकटीला पाठवायचं की सोबत आत जायचं? आवालाख नावाच्या गुरूच्या प्रयोगशाळेत तिला कळतं की आपली वंशावळ एखाद्या जातिवंत घोड्यासारखी मांडून ठेवलेली आहे. तिला सामान फोडावंसं वाटतं. शांत करायचं की "फोड" म्हणायचं? तिला मदत केल्यामुळे बदनाम होऊन मेलेल्या एका साध्या पोराच्या थडग्यापाशी जायचंय, जायचं की वेळ नाही म्हणायचं? आणि तिला एम्हीरकडे नेलं, तर त्याने पुढे केलेलं बक्षीस घ्यायचं की नाही?

हे प्रसंग इतके किरकोळ वाटतात की खेळताना त्यांचा काही हिशोब चाललाय याची शंकाही येत नाही. अगदी शेवटी सिरी एकटी एका बुरुजात जाते, जगाला गिळू पाहणाऱ्या हिमप्रलयाला थोपवायला. तिला अडवणं किंवा न अडवणं तुमच्या हातात नसतं. ती चालत जाते आणि तिला ते छोटे प्रसंग आठवतात. बहुतेक ठिकाणी तुम्ही तिला बळ दिलेलं असेल तर ती परत येते. नाहीतर येत नाही. डिस्टिंक्शन लागत नाही म्हणा, काठावर पास झालात तरी चालतं.

शेवटाची ही रचना मी दुसऱ्या कुठल्या गेममध्ये ऐकलेली नाही. तुलनेसाठी सांगतो. २०१२ साली 'मास इफेक्ट ३' आला. तीन भागांत शेकडो निर्णय घेतलेल्या खेळाडूंना त्याच्या शेवटी एका जागी उभं करून दोन-तीन पर्यायांतला एक निवडायला सांगितलं. असा गहजब झाला की कंपनीला त्याच वर्षी जूनमध्ये वाढवलेला शेवट द्यावा लागला. तिथे शेवट निवडायचा असतो, इथे तो आधीच घडून गेलेला असतो. मुलं वाढवलेल्या माणसाला दुसरा प्रकार जास्त ओळखीचा वाटेल.

पण एक गोष्ट मला खटकली. आपल्याकडे "थांब, मी येतो सोबत" यासारखं मायेचं वाक्य नाही. प्रवेशाला सोबत, मुलाखतीला बाहेर बाकावर सोबत, विमानतळावर तर सात माणसं. जादूगारणींच्या बैठकीला "मी येतो" म्हटलं की या गेममध्ये तुमचा एक गुण कापला जातो! थडग्यापाशी "मी येतो" म्हटलं तर मात्र एक गुण मिळतो. सुरुवातीला मला हे युरोपियन लेखकांचं लहरी गणित वाटलं. दुसऱ्यांदा खेळताना फरक दिसला. थडग्याकडे यायला ती स्वतः विचारते. बैठक मात्र तिची आहे, तिथे तुम्ही गेलात तर बोलणार तुम्ही. एवढं मान्य केलं तरी बर्फाच्या गोळ्यांचा न्याय मला पटलेला नाही. खचलेल्या मुलीला "सगळंच जमलं पाहिजे असं नाही" म्हणणारा बाप वाईट कसा? आपल्यापैकी कितीजणांनी हे वाक्य आपल्या वडिलांकडून ऐकण्यासाठी काय वाट्टेल ते दिलं असतं.

ती परत आली नाही तर काय होतं ते मी दुसऱ्या खेपेला मुद्दाम पाहिलं. एकाकी गेराल्ट दलदलीतल्या झोपडीत वेसेमिरचं पदक परत मिळवतो, ते हातात धरून बसतो, आणि बाहेर राक्षस जमू लागतात. यावर अधिक लिहवत नाही.

उरले दोन शेवट, आणि इथे आमच्या घरात दोन पक्ष झाले. माझ्या पहिल्या खेळात सिरी सम्राज्ञी झाली. मी तिला एम्हीरकडे नेलं होतं, बक्षीस नाकारलं होतं आणि रादोविद राजाला मारायच्या कटात भाग घेऊन शेवटी रोशची बाजू धरली होती, त्यामुळे युद्ध निल्फगार्डने जिंकलं. (एक तक्रार इथेच नोंदवतो. हा कट मुख्य कथेत नाही, आडवाटेला आहे. तो चुकला तर सम्राज्ञीचा शेवट मिळतच नाही. मुलीचं भवितव्य अशा आडवाटेवरच्या राजकारणावर टांगावं का? पण मग आठवतं की आपल्यापैकी कोण कुठे स्थायिक झालं हेही बऱ्याचदा कुठल्याशा मंत्रालयाने परमिटचा कुठला नियम कधी बदलला यावर ठरलेलं आहे.)

माझी मुलगी एकोणीस वर्षांची, जन्म इथला. तिने सिरीला एम्हीरच्या दारात नेलंच नाही. तिच्या खेळात गेराल्ट सम्राटाला सांगतो की तुझी मुलगी मेली, आणि मग एका खेडेगावातल्या सरायीत सिरीला चांदीची तलवार देतो. दोघं विचर म्हणून वाटेला लागतात. बहुतेक खेळाडू यालाच सुखी शेवट म्हणतात. माझी मुलगीही.

मी म्हणालो, नीट बघ. मुलगी बापाच्याच धंद्यात आली. दुकानाच्या पाटीवर 'आणि कन्या' लिहिलं. हे बापाचं स्वप्न आहे, तिचं कशावरून? सम्राज्ञीच्या शेवटात दोघं हिवाळ्यातल्या एका दिवशी मिळून शिकार करतात, हसतात, आणि सरायीत पोचल्यावर ती सांगते की मी चालले. तिला नेणारे लोक थांबलेले असतात. तिला कुणी विकलेलं नाही, गेराल्टने पैसे नाकारलेत. जगात काही बदलता येईल तर तिथे बसूनच, असा तिचा विचार. गेराल्टच्या हाती काही उरत नाही. तिन्ही शेवटांत बापाने खरोखर मोठं व्हावं लागतं ते फक्त इथे. हे दृश्य लिहिणाऱ्याने कुणाला तरी विमानतळावर सोडलेलं असणार.

तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, एम्हीर पण तिचा बापच आहे ना? म्हणजे दोन्हीकडे बापाचाच धंदा. निदान माझ्या शेवटात तिला वाढवलेल्या बापाचा आहे." आणि वर, "तुम्हाला ती सेटल झालेली बघायची होती." मला यावर उत्तर सुचलेलं नाही. हा लेख लिहीपर्यंतही नाही. तिचं कॉलेज संपत आलंय आणि पुढचं शिक्षण कुठे, यावर आमच्याकडे सध्या बोलणं चालू आहे. नकाशावर ज्या ठिकाणांकडे तिचं बोट जातं ती आमच्यापासून बरीच लांब आहेत. जेवताना आम्ही सिरीबद्दल बोलतो तेव्हा हिला वाटतं आम्ही गेमबद्दल बोलतोय.

डिसेंबर २०२४ मध्ये चौथ्या भागाची पहिली झलक दाखवली गेली. नायिका सिरी आहे, आणि ती विचर आहे. मुलीने विजयी मुद्रेने मला फोन दाखवला. मला आनंद झाला तो अर्धाच. माझ्या खेळात ती सिंहासनावर बसलेली आहे, तिचं काय? हे या कंपनीचं जुनं दुखणं आहे. दुसऱ्या भागात तुम्ही रोशबरोबर जायचं की योर्वेथबरोबर यावर जवळजवळ अर्धा गेम बदलत असे. तिसऱ्या भागात योर्वेथ दिसतसुद्धा नाही. मागच्या भागात काय केलंत हे विचारायची सोय आहे, पण कशी? सुरुवातीला तसा पर्याय निवडला असेल तर सम्राटाला भेटण्याआधी गेराल्टची दाढी केली जाते, आणि वस्तरा चालू असताना एक सेनापती चार-पाच प्रश्न विचारतो. अमका जिवंत आहे का, तमक्याची बाजू घेतलीत का. तोंडाला फेस असताना एका संपूर्ण गेमचा निकाल लागतो.

चौथा भाग आला की मी तो घेणार आहे. त्यात एवढी तरी सोय असावी की माझ्या सम्राज्ञीबद्दल कुणीतरी मला विचारेल. सिरीला दाढी नाही ही अडचण मला दिसते आहे, पण वेणी घालणारी बाई ठेवता येईल.